मानवाधिकार संस्थांकडून नेमके काय मागायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जगाच्या एखाद्या कोपऱ्यातून सामूहिक हत्येच्या किंवा छळाच्या बातम्या येऊ लागल्या की वाचकांच्या पत्रांतून ‘संयुक्त राष्ट्रसंघ करतो तरी काय?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामागची चीड रास्तच आहे. मात्र हा प्रश्न ज्या अपेक्षेतून येतो, ती तपासून पाहायला हवी. अत्याचार चालू असताना मध्ये पडून माणसे वाचवणे या संस्थांना आजवर फार क्वचित जमले आहे. घडलेल्याची नोंद ठेवणे, पुरावा जपणे आणि गुन्हेगार कितीही काळ मोकाट राहिला तरी खटल्याची वाट खुली ठेवणे, हे त्यांना बऱ्यापैकी जमते. जे जमत नाही त्याचे जाहीर आश्वासन दिल्याने माणसांचे जीव गेले आहेत आणि जे जमते ते काम पैसा व अधिकार यांच्या तुटवड्यात रखडते आहे, ही माझी तक्रार आहे.

सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९३ मध्ये ८१९ क्रमांकाच्या ठरावाने पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केले. आसपासच्या गावांतून हाकलले गेलेले हजारो बोस्नियाक मुस्लिम या भरवशावर तिथे थांबले. रक्षणासाठी मात्र काही शे डच सैनिकच होते, तेही हलक्या शस्त्रांनिशी. जुलै १९९५ मध्ये रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजा शहरात शिरल्या, तेव्हा मागितलेली हवाई मदत आली ती उशिरा आणि नाममात्र. लोक पोटोचारी येथील शांतिसेनेच्या तळाकडे धावले. तळाच्या कुंपणाआत पोहोचलेल्या सुमारे ३५० पुरुषांनाही पुढे बाहेर जावे लागले. त्या दिवसांत सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या ३५० जणांपुरती आपल्या सरकारवर जबाबदारी ठेवली, पण ती नुकसानीच्या दहा टक्क्यांपुरतीच. कारण तळावर राहू दिले असते तरी ते वाचण्याची शक्यता तेवढीच होती, असे न्यायालयाने मानले. हा हिशेब वाचताना मन विषण्ण होते. ‘सुरक्षित क्षेत्र’ हे शब्द कागदावर नसते, तर यातले किती जण वेळेवर दुसरीकडे निघून गेले असते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. रवांडात तर एप्रिल १९९४ मध्ये कत्तल ऐन भरात असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत तिथे अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली.

याचे मूळ अधिकाऱ्यांच्या आळसात शोधणे बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सैन्य नाही; सदस्य देश देतील तेवढेच सैनिक आणि पाच स्थायी सदस्य चालू देतील तेवढाच निर्णय. सीरियाचे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे, म्हणजे वंशसंहार व युद्धगुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणाऱ्या न्यायालयाकडे, सोपवण्याचा ठराव मे २०१४ मध्ये रशिया आणि चीन यांच्या नकाराधिकाराने पडला, हे त्याचे अगदी ढळढळीत उदाहरण. आपल्या मित्रराष्ट्राला वाचवण्यासाठी नकाराधिकार वापरण्यात अमेरिकाही मागे राहिलेली नाही, हेही इथेच सांगायला हवे.

पण सीरियाची गोष्ट त्या नकाराधिकारापाशी संपली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये आमसभेने, जिथे कोणालाच नकाराधिकार नाही, सीरियातील गुन्ह्यांचे पुरावे गोळा करून जपणारी स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. ती कोणाला अटक करू शकत नाही. पुरावे लावून ठेवते आणि खटला चालवू शकणाऱ्या देशांच्या अभियोक्त्यांना पुरवते. दरम्यान जर्मनीत कोब्लेन्झच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सीरियाच्या गुप्तचर खात्यातील एका माजी अधिकाऱ्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप ठोठावली. त्याच्या कोठडीतून सुटून आलेले निर्वासित त्याच्यासमोर साक्षीला उभे राहिले होते.

याहून बोलके उदाहरण आफ्रिकेतील चाड या देशाचे आहे. हिसेन हाब्रे १९८२ ते १९९० या काळात तिथला सत्ताधीश होता. राजधानी एन्जामेनात वसाहतकाळातल्या एका जलतरण तलावावर काँक्रीटचे छत टाकून त्याच्या राजकीय पोलिसांनी जमिनीखाली कोठड्या केल्या होत्या. सत्ता गेल्यावर हाब्रे सेनेगलला पळाला आणि तिथे वर्षानुवर्षे आरामात राहिला. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेले सुलेमान गेंगेंग नावाचे एक सरकारी नोकर मात्र गप्प बसले नाहीत. इतर पीडितांना गाठून त्यांनी ७९२ जणांच्या कैफियती लिहून घेतल्या आणि त्या लपवून ठेवल्या. २००० साली पीडितांनी सेनेगलमध्ये फिर्याद केली, पण तिथल्या न्यायालयांनी अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगून ती फेटाळली. तेव्हा ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या छळविरोधी समितीकडे गेले. या समितीकडे ना पोलीस ना तुरुंग. पण सेनेगलने छळविरोधी कराराचा भंग केला आहे, असा निर्णय तिने २००६ मध्ये दिला. पुढे बेल्जियमच्या दाव्यावर, देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये सेनेगलला बजावले की खटला चालवा, नाहीतर आरोपीला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्या. आफ्रिकन युनियनच्या साहाय्याने डाकारमध्ये खास न्यायपीठ उभे राहिले आणि ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली.

यातली एकही संस्था एकटी पुरेशी नव्हती, आणि गेंगेंग यांच्यासारखी माणसे नसती तर त्या सगळ्या मिळूनही काही करू शकल्या नसत्या. तसेच गेंगेंग यांच्या कागदांना दाद मागायला समिती आणि न्यायालय नसते, तर ते कागद घरातच कुजले असते. सत्ता गेल्यापासून निकालापर्यंत पंचवीसहून अधिक वर्षे गेली, या मधल्या काळात कित्येक पीडित वारले, आणि न्यायालयाने मंजूर केलेल्या भरपाईसाठी वाचलेल्यांना पुढेही अनेक वर्षे ताटकळावे लागले. याला यश म्हणायचे तर जड मनानेच म्हणावे लागेल. पण हाब्रे सन्मानाने मेला असता, तर ते अधिक वाईट झाले असते, याविषयी मला शंका नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची स्थिती अशीच दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे. व्लादिमिर पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये अटक वॉरंट निघाले; सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले आणि त्या न्यायालयाचा सदस्य असूनही मंगोलियाने त्यांना अटक केली नाही. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉद्रिगो दुतेर्ते यांना मात्र मार्च २०२५ मध्ये मनिलात पकडून हेगला नेण्यात आले. दोन्ही वॉरंटे एकाच न्यायालयाची होती. फरक पडला तो वॉरंट बजावणाऱ्या सरकारांमुळे. बलाढ्य देशांच्या नेत्यांपर्यंत न्यायाचा हात पोहोचत नाही, ही आफ्रिकी देशांची जुनी तक्रार म्हणूनच खोटी ठरवता येत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार परिषदेविषयी थोडक्यात लिहितो. तिचे ४७ सदस्य ही सरकारेच आहेत आणि ती सरकारांसारखीच वागतात. चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर मुस्लिमांच्या परिस्थितीवर नुसती चर्चा व्हावी, हा प्रस्तावही ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. परंतु ज्या अहवालावर चर्चा नाकारली गेली, तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार उच्चायुक्तांच्या कार्यालयाने त्याआधीच प्रसिद्ध केला होता आणि आज तो कोणालाही वाचता येतो. परिषदेसाठी चौकशी करून अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ, म्हणजे विशेष प्रतिवेदक, तर वेतनाशिवाय काम करतात, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमित अंदाजपत्रकातला पाच टक्क्यांच्या आसपासचा वाटाच मानवाधिकारांच्या कामाला मिळतो. सुधारणांची भाषणे करणाऱ्या सरकारांनी आधी हा आकडा वाढवावा, आणि सैन्य देण्याची तयारी नसेल तिथे पुन्हा ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर करू नये, एवढे मागणे अवाजवी नाही.

एक विनंती आपल्या दैनिकाला. २००८ पासून परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रत्येक सदस्य देशाच्या मानवाधिकार स्थितीचा ठरावीक काळाने आढावा घेतला जातो. इतर देश शिफारशी करतात आणि संबंधित सरकार त्यांतल्या काही मान्य करते, बाकीच्यांची फक्त नोंद घेते. ही कागदपत्रे सर्वांना खुली आहेत, पण त्यांची बातमी क्वचितच होते. आढावा कोणत्याही देशाचा असो, त्याने कोणत्या शिफारशी मान्य केल्या, कोणत्या टाळल्या आणि मागच्या वेळी मान्य केलेल्यांचे पुढे काय झाले, हे तीन रकाने आपण नियमित छापलेत तर वाचकांना हिशेब मागायला काहीतरी हाताशी राहील.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक