दिल्लीला जाणारी चित्रे आधी गोव्यात दाखवा

संपादक महोदय,
दिल्लीतील 'इंडिया आर्ट फेअर'मध्ये गोव्यातील एका कलादालनाने अनेक चित्रकारांची कामे एकत्र मांडल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली आणि मनापासून आनंद झाला. एकट्या नामवंताऐवजी समूह नेला, हे विशेष. अशा दालनात जुन्या हाताशेजारी नवा हात दिसतो, आणि नवोदिताच्या कामाकडेही संग्राहकाची नजर जाते.

पण हा मेळा चारच दिवसांचा, तोही तिकीट काढून पाहायचा. पणजीतील आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयातील किती मुलांना दिल्ली गाठता येईल? मी शाळेत चित्रकला शिकवतो. १९२४ साली साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचे मूळ चित्र माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेले नाही. छापील प्रतीवरच भागवावे लागते. रंगाचा थर, कुंचल्याचा जोर छपाईत उतरत नाही. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्या पिढीतील विद्यार्थ्यांना चित्रकार समोर काम करताना पाहायला मिळाला, हे केवढे भाग्य!

कलादालनाने पुढच्या वर्षी दिल्लीला जाण्यापूर्वी हीच मांडणी निदान आठवडाभर पणजीत विनामूल्य खुली ठेवावी. कला अकादमीने जागा द्यावी, आणि चित्रांखालची माहिती मराठी-कोकणीतही असावी. मुलांना घेऊन यायला आम्ही शिक्षक तयार आहोत.

– एक चित्रकला शिक्षक, फोंडा