उन्हातून इथिलीन: आधी वाण टिकवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सायनोबॅक्टेरियाकडून (उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून) इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल असलेला वायू, मिळवण्याची कल्पना वडोदऱ्यासारख्या पेट्रोरसायनांच्या गावाला भुरळ घालणारी आहे आणि ती खरोखर मोलाची आहे. 'स्यूडोमोनास सिरिंगे' या जिवाणूचे ईएफई हे, इथिलीन बनवणाऱ्या विकराचे, एकच जनुक त्यांच्यात घातले, की पेशी इथिलीन सोडू लागते. ते वायुरूप असल्याने पेशी फोडाव्या लागत नाहीत.

खरी कसोटी वाण, म्हणजे जनुक घातलेल्या पेशींची ही जात, टिकवण्याची. एका पेशीत गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात आणि नवे जनुक त्या सगळ्यांत बसायला हवे. त्यासाठी प्रतिजैविकाच्या प्लेटवर (तिथे नवे जनुक असलेल्याच पेशी तगतात) पुन्हा पुन्हा रेघा ओढून एकेक वसाहत निवडायची आणि पीसीआर या डीएनए चाचणीत जुन्या, जनुक नसलेल्या प्रतींचा मूळ पट्टा पुरता नाहीसा होईपर्यंत थांबायचे. घाई केली, की जुन्या प्रती डोके वर काढतात. सिनेकोकॉकस ७९४२ या सायनोबॅक्टेरियात तर हे जनुकच बिघडून उत्पादन बंद पडले होते. सिनेकोसिस्टिस ६८०३ या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियात ते टिकले.

शिवाय पेशी ऑक्सिजनही सोडतात आणि हवेत इथिलीन सुमारे २.७ टक्क्यांवर गेले, की मिश्रण स्फोटक होते. त्यामुळे वायू सतत काढून घेणे अटळ. सिनेकोसिस्टिसला ३० अंशांच्या आसपास मानवते. आपल्याकडच्या मे महिन्यात पेशी वाढवायच्या काचनळ्या थंड ठेवायची वीजही खर्चात धरावी लागेल. अशा प्रकल्पांना पैसा देणाऱ्यांनी आधी विचारावे: वाण किती पिढ्या टिकला?

- जैवतंत्रज्ञानाचे दोन अध्यापक, वडोदरा