चि. बाळास

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला तू भरल्या ताटावरून उठून गेलास. तुझ्या वाटची पोळी आईने दोन दिवस डब्यात ठेवली होती. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. विहिरीजवळची जमिनीची पट्टी निवडणुकीसाठी विकू म्हणालास, त्याचं काही लिहायचं नाही, असं ठरवलंय.

चोवीस वर्षं काढून सुभेदार होऊन आलास, तेव्हा वेशीपासून घरापर्यंत हलगी वाजली. आमदारकीला उभा राहतो म्हणालास, तेव्हाही ऊर तसाच भरून आला होता. ते बोलायचं राहिलं आणि मी भलतंच बोललो.

फौजी माणसाला लोक निवडून देतात, उत्तराखंडच्या खंडुरी साहेबांना नाही का दिलं, असं तू म्हणालास. अरे, ते नाव या घरात मीच आणलं. ते फौजेच्या इंजिनिअर्स दलाचे, मी खडकीचा सॅपर, म्हणजे त्याच दलातला जवान. त्यांच्या हाताखाली कधी नव्हतो, पण आपल्यातला माणूस म्हणून त्यांची एक बातमी सोडली नाही. १९५४ ते १९९० फौजेत, मेजर जनरल होऊन बाहेर पडले. वाजपेयींच्या सरकारात रस्त्यांचं खातं सांभाळलं. २००७ ला उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्यासाठी धुमाकोटची जागा कुणी सोडली ठाऊक आहे? टी. पी. एस. रावत यांनी. काँग्रेसचे आमदार, म्हणजे समोरच्या पक्षाचे, पण तेही निवृत्त लेफ्टनंट जनरल. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण पुढचंही लक्षात घे. २००९ ला लोकसभेच्या पाचही जागा गेल्या आणि साहेबांना खुर्ची सोडावी लागली. २०११ ला परत बोलावलं. मुख्यमंत्र्यालाही चौकशीखाली आणणारा लोकायुक्ताचा कायदा त्यांनी विधानसभेत मंजूर करून घेतला. आणि २०१२ ला कोटद्वारला स्वतःच पडले. पक्षाला ३१ जागा, समोरच्यांना ३२. इतका सरळ माणूस, तरी पडला. २०१४ ला ते पुन्हा खासदार झाले, खरं आहे. पण पट्टी गेल्यावर आपल्याला पुन्हा कोण उभं करणार?

आलीच शेवटी पट्टी.

फौजेतून आलो त्याच साली ती विहीर काढली. एकाहत्तरला सुरुंग काढत होतो, इथे स्वतःच्या हाताने भरले. पंचेचाळीस फुटांवर पाणी लागलं तेव्हा तू काठावर पालथा पडून आत बघत होतास आणि तुझ्या आईने दोन्ही पाय धरून ठेवले होते. तिला विचार, अजून सांगेल.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे म्हणतात. ती गाठायलाच हवी असं कुठे लिहिलंय? पायी फीर. अनामत १० हजार, सहावा हिस्सा मतं पडली नाहीत तर तीही जाते. आणि फ्लेक्सवर वर्दीतला फोटो लावू देऊ नकोस. प्रचारात फौजेचे फोटो वापरू नका, असं आयोगाने पक्षांना कळवलेलं आहे. आयोगाने सांगितलं नसतं तरी लावू नये. ती वर्दी एकट्याची नसते. तुझ्याबरोबर गेलेले जे परत आले नाहीत, त्यांचीही ती आहे.

फार बोललो. चोवीस वर्षं तू जवान सांभाळलेस, तुला शिकवणारा मी कोण. रागावू नकोस.

नव्व्याण्णवला तू वर कारगिलला होतास, तेव्हा पोस्टमनची सायकल दिसली की तुझी आई चूल सोडून आत जायची. मी अंगणात उभा राहायचो. तुझ्या मागे पलटण आहे, हे मला माहीत होतं. आता तुझ्या मागे कोण आहे, ते मला दिसत नाही. रोज गाड्या घेऊन येणारी ही पोरं, पडलास तर दुसऱ्या दिवशी येतील का रे? जिंकलास तरी त्यांना काय काय द्यावं लागेल? झोप येत नाही ती याने. पट्टी म्हणजे शेवटी माती आहे.

सूनबाईला सांग, मुलांची शाळा बुडवून प्रचाराला आणू नकोस.

सातबारा काढून ठेवा म्हणाला होतास. सोमवारी तलाठ्याकडे गेलो होतो, भेटला नाही. गुरुवारी परत जाईन.

तुझे
आप्पा