मार्खा खोऱ्यातल्या आमच्या गाइडताईंना

आचे ले (ताई), जुले (नमस्कार).

फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही दर वेळी "आंटी, ये तो हमारा काम है" म्हणता आणि ह्यांच्या तब्येतीची चौकशी सुरू करता. म्हणून आता लिहूनच काढते. पत्र मराठीत आहे, भाचा तुम्हांला हिंदीत करून पाठवेल. नाशिक, पुणे, मुंबईकडून दर उन्हाळ्यात कितीतरी माणसं लडाखच्या वाटेला लागतात, त्यांच्याही वाचनात हे यावं असं मला वाटतं. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हांला ते आवडायचं नाही.

आम्ही दोघांनी कोंगमारू ला ही खिंड ओलांडली नाही. ज्या खिंडीचे फोटो बघत आम्ही पांडवलेण्याच्या पायऱ्या रोज चढलो-उतरलो, तिच्या अलीकडूनच तुम्ही आम्हांला परत फिरवलंत. त्याबद्दल हे पत्र आहे.

आमच्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. लेहचा विमानतळच 3256 मीटरवर. सकाळी दिल्लीला विमानात बसलेला माणूस तासा-दीड तासात कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उतरतो, तेही एक पाऊल न चढता. आमच्या ग्रुपमधल्या तरुण मुलांना त्याच दिवशी गाडी करून खारदुंग ला ही आणखी उंचावरची खिंड बघून यायचं होतं. तुम्ही गेस्टहाउसच्या अंगणात खुर्ची ओढून बसलात, सगळ्यांना चहा मागवलात आणि शांतपणे नाही म्हणालात. आज झोपायचं, उद्या बाजारापर्यंत फिरायचं, परवा एखादी गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. मुलांची तोंडं उतरली. तुम्ही त्यांच्याशी वादही घातला नाहीत आणि माघारही घेतली नाहीत. इतकी वर्षं सह्याद्रीत फिरताना मी बरेच लीडर पाहिले, पण न चिडता नाही म्हणणारे फार थोडे.

आणि तुमची ती वही. रोज संध्याकाळी, जेवणं झाली की तुम्ही एकेकाला बाजूला बोलवायचात. डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, काल झोप लागली का, उठताना गरगरलं का. मग बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहायचात. सगळ्यांदेखत विचारलं तर कोणी खरं बोलत नाही, हे तुम्ही पक्कं ओळखून होतात. तुमचं खरं लक्ष आकड्यापेक्षा ताटाकडे असायचं, हे मला तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी कळलं. कोणी किती टाकलं, कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कोणी नुसतं चिवडत बसलं, हे तुम्ही भांडी उचलता उचलता बघून ठेवत होतात.

चिलिंगपाशी झांस्कर नदी ओलांडून आपण मार्खा खोऱ्यात शिरलो. आता तिथे पूल आहे. पूर्वी दोरावरच्या पाळण्यात बसून पलीकडे जावं लागायचं, हे तुम्ही आम्हांला त्याच काठावर उभं राहून सांगितलंत. पुढे स्किऊ, मार्खा, उमलुंग, हांकर. वाटेवरच्या मणी भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, उजव्या हाताला ठेवून चालायचं, कोरलेल्या दगडांना हात लावायचा नाही, घरात शिरताना आधी हाक द्यायची, हे तुम्ही कधी सूचना म्हणून सांगितलं नाहीत. तुम्ही तसं करत गेलात आणि आम्ही तुमच्या मागून.

हांकर जवळजवळ 4000 मीटरवर आहे आणि निमालिंगचं कुरण 4800 च्या आसपास. तिथली हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, हा तुमचा नियम. म्हणून मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम. त्या दिवशी दुपारपासून ह्यांचं डोकं दुखत होतं. हे म्हणाले, ऊन लागलंय. मलाही ते पटलं, ऊन होतंच तसं. रात्री थुक्प्याचा वाडगा त्यांनी अर्धा ठेवला. तुम्ही काही बोलला नाहीत. जेवणाच्या तंबूची एक जादा दोरी काढलीत, ती जमिनीवर सरळ अंथरलीत आणि ह्यांना म्हणालात, अंकल, या दोरीवरून चाला, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत. हे नीट चालले. तुम्ही वहीत लिहिलंत, पाणी प्यायला लावलंत आणि दोरी तिथेच ठेवलीत.

रात्री तुम्ही दोनदा येऊन विचारून गेलात. पहाटे त्यांना उलटी झाली. फटफटायला लागलं होतं, गारठा असा की बोटं वळत नव्हती. तुम्ही त्यांना पुन्हा त्या दोरीवर उभं केलंत. या वेळी तिसऱ्या-चौथ्या पावलाला पाय दोरीच्या बाहेर पडला. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा पडला. तोल जाण्याचा अर्थ उंचीचा त्रास मेंदूपर्यंत पोचायला लागलाय, आणि त्यावर खरा इलाज एकच, खाली उतरणं, हे तुम्ही मला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलंत. ग्रुपमधून कोणी म्हणालं, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी द्या, दोन तास पडू द्या, मग ठरवू. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच होती, माझी तक्रार नाही. तुम्ही म्हणालात, गोळी देते, पण ती खाली जाताना.

आणि मग मी जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. बाकीच्यांचे घोडे रात्री चरायला सोडलेले, ते पार वरच्या उतारावर गेले होते. एक घोडा मात्र तंबूंच्या मागे खोगीर चढवून उभा होता. तो तुम्ही आदल्या रात्रीच घोडेवाल्याला सांगून बांधून ठेवला होतात, ह्यांनी थुक्पा अर्धा ठेवला तेव्हाच. आम्हांला सांगितलं नाहीत, कारण आम्ही रात्रभर जागे राहिलो असतो. त्या घोड्यामुळे आम्ही ऊन वर यायच्या आत हांकरच्या वाटेला लागलो होतो.

ग्रुपला पुढे घेऊन जायला तुमचा मदतनीस होता. त्यालाच आमच्याबरोबर खाली पाठवून तुम्ही वर जाऊ शकला असतात, तेही चाललं असतं. पण तुम्ही त्याला सगळ्या वहीची पानं वाचून दाखवलीत, कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते सांगितलंत आणि स्वतः आमच्याबरोबर आलात. नदीचे फाटे ओलांडताना घोड्याचा लगाम तुमच्या हातात होता आणि पाणी तुमच्या गुडघ्यापर्यंत. दर थोड्या वेळाने तुम्ही ह्यांना काहीबाही विचारत होतात. नाशिकला गोदावरी कुठून येते, मुलगा काय करतो, कुंभ किती वर्षांनी भरतो. मला वाटलं, मन रमवताय. नंतर कळलं, उत्तर जुळतंय का ते तुम्ही बघत होतात.

हांकरला न थांबता आपण मार्खापर्यंत उतरलो. संध्याकाळी ह्यांनी स्वतःहून विचारलं, जेवायला काय आहे? तुम्ही त्या वेळी चुलीपाशी बसला होतात. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत आणि मग मला रडू फुटलं. आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी, आमा लेंनी, मला जवळ ओढून बसवलं आणि हातात गुरगुर चहाचा पेला दिला. मिठाचा तो चहा तोवर माझ्या घशाखाली नीट उतरला नव्हता. त्या दिवशी मी तीन पेले प्यायले.

त्या घराबद्दलही तुमचे आभार मानायचे आहेत. शेजारच्या घरातली खोली मोठी होती, पण पाळी या घराची होती, म्हणून तुम्ही आम्हांला इथे आणलंत. पाहुणे आळीपाळीने घरोघरी जावेत, पैसा सगळ्यांच्या चुलीपर्यंत पोचावा, ही रीत तुम्ही आजारी माणूस बरोबर असतानाही मोडली नाहीत. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या गावांमध्ये हे होमस्टे सुरू व्हायला हिमबिबट्याच्या रक्षणासाठी झटलेल्या रिंचेन वांगचुक यांच्यासारख्या माणसांची मेहनत कारणी लागली, हे तुम्ही त्या रात्री सांगितलंत. हिमबिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत कितीतरी शेळ्या-मेंढ्या मारतो, आणि मग गावकरी त्याला मारायला उठायचे. आता गोठ्यांवर तारेची जाळी आहे, आणि त्याला बघायला येणारी माणसं घरात उतरतात. घरचे आजोबा, आबा ले, त्याला शान म्हणतात. त्याच्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात राग होता आणि कौतुकही होतं, मला दोन्ही ऐकू आलं.

पुढचे दिवस ह्यांनी खिडकीपाशी गालिच्यावर पडून काढले आणि मी आमा लेंच्या मागेमागे फिरले. जवाची कापणी चालू होती. एवढ्या उंचीवर वर्षातून एकच पीक निघतं, त्यामुळे घरात चालू शकणारा प्रत्येक जण शेतात. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, त्यातला एक नक्षीचा डाव आमा लेंनी मला हातात दिला. तो चिलिंगच्या कारागिरांचा. त्यांचे पूर्वज शे इथल्या मोठ्या बुद्धमूर्तीच्या कामासाठी नेपाळहून आणले होते, असं सांगतात. दांडा हाताने गुळगुळीत झालेला, आणि टोकाशी एक डाग दिलेला. लग्नात आईने दिलेला, असं तुम्ही मला हिंदीत सांगितलंत. मी तो परत ठेवला तेव्हा त्यांनी त्याची जागा बोटभर सरकवून नीट केली.

आबा ले त्या वर्षी गावचे चुरपोन होते. वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटातून कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ जाणार, ते चुरपोन ठरवतो. माझं माहेर मोसम नदीकाठचं, फड बागायतीचं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या पद्धतीचं. आमच्याकडे हेच काम पाटकरी करायचा. माझे आजोबा फडाच्या पंचांत होते. पाण्यावरून होणारी भांडणं, रात्री कंदील घेऊन पाटावर जाणं, वरच्या शेतकऱ्याने चोरून फोडलेला बांध, हे सगळं मी लहानपणी ऐकलेलं. मी सांगत गेले, तुम्ही लडाखीत करत गेलात, आणि आबा ले मध्येच हसून मांडीवर थाप मारायचे. त्यांच्याकडेही दगड-मातीने पाट बुजवतात आणि फावड्याने फोडतात. तुम्ही दिवसभर आमच्या धावपळीने थकलेल्या होतात, डोळे मिटत होते, तरी आम्हा दोघांचं बोलणं तुम्ही रात्री उशिरापर्यंत तोडू दिलं नाहीत. खिंड ओलांडून गेले असते तर मार्खा माझ्या लेखी एका रात्रीच्या मुक्कामाचं गाव राहिलं असतं.

लेहला सरकारी रुग्णालयात तपासणीच्या वेळी तुम्ही वही पुढे केलीत. कुठल्या दिवशी किती उंचीवर झोपलो, ऑक्सिजन किती, डोकेदुखी कधी सुरू झाली, गोळी किती वाजता दिली. डॉक्टरांना आम्हांला काही विचारावंच लागलं नाही. ते म्हणाले, वेळेवर उतरलात. ह्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं.

हे आता उत्तम आहेत. रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जातात. कोंगमारू ला राहिला याची हळहळ त्यांना आहे, ती मी लपवत नाही. ग्रुपमधल्या मुलांनी खिंडीतून काढलेला फोटो त्यांनी मोठा करून घेतला आणि तुमच्या मदतनिसालाही कौतुकाचा निरोप पाठवलाय. सगळ्यांना सुखरूप पलीकडे शांग सुमदोला उतरवलं, हे त्याचंही मोठं काम झालं.

परत जायचं की नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवू. पण भाचीचा ग्रुप पुढच्या जुलैत मार्खाला येणार आहे. त्यांना मी तुमचा नंबर दिलाय, लेहमध्ये एक दिवस जादा ठेवायला लावलाय, आणि संध्याकाळी वहीत खोटं लिहवायचं नाही, हे बजावलंय. त्यातल्या एका मुलाला दम्याचा त्रास आहे. तो स्वतः तुम्हांला फोन करील, त्याला येऊ द्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर त्याच्या आई-वडिलांशी मी बोलीन.

पार्सल या आठवड्यात निघतंय. आमा लेंसाठी नाशिकच्या मनुका आणि एक उबदार शाल, आबा लेंसाठी मोसम खोऱ्यातल्या बंधाऱ्याचे आणि पाटाचे फोटो, मोठे छापून. तुमच्यासाठी जाड कव्हरच्या वह्या आहेत, पाणी लागलं तरी शाई न फुटणारा कागद मुद्दाम शोधून आणलाय. मार्खाचं सामान हिवाळ्याआधी वर जायला हवं, म्हणून पार्सल मिळालं की लगेच कळवा.

तुमची,
नाशिकची आंटी