आधी सभागृह बघा, मग गायक ठरवा

महोदय,

लग्नाच्या स्वागतसमारंभातल्या कर्कश आवाजाबद्दल या सदरात अधूनमधून पत्रे येतात. तक्रार रास्त आहे, पण राग नेहमी गायकावर किंवा डीजेवर निघतो. खरा घोळ बहुतेक वेळा कार्यक्रम ठरवतानाच झालेला असतो. ‘कोण गाणार?’ एवढा एकच प्रश्न विचारून सुपारी दिली जाते. कुठे गाणार, केव्हा गाणार आणि मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, कोण बसणार, याची चौकशी कोणी करत नाही.

मोबाइलवर चित्रफीत बघून कलाकार पसंत करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्यातला आवाज बहुधा थेट मिक्सरमधून घेतलेला आणि नंतर धुऊनपुसून साफ केलेला असतो. सभागृहात बसलेल्याला तो तसा कधीच ऐकू येत नाही. त्यापेक्षा प्रेक्षकांतून साध्या फोनवर घेतलेले, काटछाट न केलेले दहा मिनिटांचे चित्रण मागा. चित्रफितीत दिसणारेच वादक येणार का, हेही विचारा. एकाच नावाने दोन-तीन संच चालवणारे वाद्यवृंद असतात. मुख्य गायक आणि वादकांची नावे करारात लिहून घेतली की हा प्रश्न मिटतो.

आता जागा. रिकाम्या सभागृहाच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. तिचा घुमारा दीड-दोन सेकंद रेंगाळला, तर तिथे ड्रम आणि डीजेचा बास म्हणजे नुसता कालवा होणार. माणसे भरली की घुमारा कमी होतो, पडद्यांनीही थोडा फरक पडतो. पण पडदे तीक्ष्ण आवाज शोषतात, खालचा खर्ज तसाच राहतो. अशा जागी बासरी, व्हायोलिन, गिटार असा तीन-चार जणांचा संच शोभतो. त्यातच पैसेही वाचतात, हे ओघाने आलेच.

मोकळ्या मैदानावर प्रश्न उलटा असतो. तिथे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 4 मीटरवर 90 डेसिबल असेल, तर 8 मीटरवर 84, 16 मीटरवर 78. मागचे ‘आवाज वाढवा’ म्हणतात, वाढवला की पुढच्यांचे कान फुटायची वेळ येते. यावर उपाय एकच. पुढचे स्पीकर बेताने ठेवायचे आणि मध्यावर छोट्या स्पीकरची आणखी एक जोडी लावायची. मात्र आवाजाला एक मीटर कापायला जवळपास 3 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे 15 मीटरवरच्या या जोडीला सुमारे 44 मिलिसेकंदांचा विलंब (डिले) द्यावा लागतो, म्हणजे तिच्यातून आवाज तेवढा उशिरा सोडावा लागतो. तो दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि निवेदकाचे बोलणे कळेनासे होते. ‘मधल्या स्पीकरला डिले किती लावणार?’ एवढे साउंडवाल्याला विचारून बघा. उत्तर चटकन आले तर माणूस जाणकार आहे.

स्वागतसमारंभाला लोक मुख्यतः भेटायला-बोलायला येतात, ही गोष्ट ठरवणाऱ्यांच्या मनात शेवटी येते. समोरासमोरचे साधे बोलणे एक मीटरवर 60 डेसिबलच्या आसपास असते. टेबलापाशी संगीत 60 ते 65 असेल तोवर गप्पा चालतात. 75 च्या वर गेले की माणसे ओरडू लागतात, ती ओरडतात म्हणून गायक आवाज वाढवायला सांगतो, आणि हे चक्र शेवटपर्यंत थांबत नाही. म्हणून भेटीगाठी आणि जेवण चालू असताना एक पातळी आणि नाचासाठी दुसरी, असे आधीच ठरवून मिक्सरवाल्याला कागदावर द्या. अमेरिकेतल्या निऑश या व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटे. आजी-आजोबांची आणि तान्ह्या मुलांची बैठक स्पीकरपासून सर्वांत लांब हवी. प्रत्यक्षात त्यांना ‘नीट दिसावे’ म्हणून नेमके स्पीकरखाली बसवले जाते!

वधूवरांचा मंच आणि वादकांचा मंच एकच ठेवू नका. भेटायला येणाऱ्यांची रांग केबल तुडवत, माइकचे स्टँड पाडत जाते. शिवाय जागा पुरेना झाली की स्पीकर माइकच्या मागे सरकतात आणि शिट्टी सुरू होते. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, म्हणून ती वाजते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे हवेत. पाच वादकांना किमान 4 बाय 3 मीटर जागा लागते. एकटा ड्रमसेटच 2 बाय 2 मीटर अडवतो.

विजेकडे तर कोणाचेच लक्ष नसते. 230 व्होल्टच्या 16 अँपिअरच्या एका सॉकेटवर जास्तीत जास्त 3,680 वॅट भार चालतो. म्हणून संचाकडून एकूण वॅटचा आकडा आधी मागून घ्या आणि साउंडची लाइन दिवे, पंखे, शीतयंत्रे यांच्यापासून वेगळी ठेवा. नाहीतर दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. ही गुणगुण घालवायला प्लगची आर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. तो प्लग तिथेच बदलायला लावा. माइक धातूचा असतो आणि गाणाऱ्याचे ओठ त्याला टेकलेले असतात, आर्थिंग नसेल तर शॉक बसू शकतो. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत डिजिटल मिक्सर बंद पडतो आणि पुन्हा तयार व्हायला वेळ घेतो. मिक्सर आणि लॅपटॉप यांच्यापुरता छोटा यूपीएस पुरतो, अँप्लिफायर त्यावर जोडू नये.

वाद्यवृंद आणि डीजे दोन्ही बोलावले असतील, तर त्यांचे वायरलेस माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर आदळतात आणि ऐन भाषणात आवाज तुटतो. दोघांचे आकडे आठवडाभर आधी एकमेकांना कळवा आणि एक वायरचा माइक राखीव ठेवा. शुभेच्छा द्यायला उठलेले काका माइकची जाळी मुठीत धरणारच. तशी धरली की माइक चहूबाजूंचा आवाज पकडतो आणि पुन्हा शिट्टी. दांडा धरायला सांगणारा एक माणूस मंचाजवळ हवा.

गाण्यांची यादी देताना हवीच अशी दहा आणि नकोत अशी दहा द्या, बाकी कलाकारावर सोडा. नवे गाणे बसवायचे असेल तर निदान तीन आठवडे आधी सांगा, आणि तेही एक किंवा दोन.

जादूगार किंवा व्यंगचित्रकार बोलावणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. टेबलाटेबलावर फिरणारा जादूगार एका टेबलाला सात-आठ मिनिटे देतो, म्हणजे दोन तासांत फार तर पंधरा टेबले. समोर बसवून चित्र काढणारा तासाला दहा-बारा चेहरे काढतो. तीनशे पाहुण्यांत तीन तासांत पस्तीसेक जणांच्या हाती चित्र पडणार आणि बाकीचे रांगेत कंटाळणार. मंचावरच्या जादूला मागे आणि बाजूला बसलेले प्रेक्षक चालत नाहीत, सगळी हातचलाखी तिकडून उघडी पडते.

करारात नुसते ‘सात ते दहा’ लिहू नका, कारण समारंभ हमखास लांबतो. 45 मिनिटांची तीन सत्रे, मध्ये 15 मिनिटे विश्रांती, पहिले सत्र कोणाच्या खुणेने सुरू होणार, उशीर झाल्यास दर अर्ध्या तासाला जादा किती, असे लिहा. मांडणी आणि साउंड चेकसाठी पाहुणे येण्याआधी दोन तास मंच मोकळा मिळणार, हे सजावटवाल्यालाही कळवा. तो नेमका त्याच वेळी शिडी लावून फुले बांधत असतो. विसार किती, कार्यक्रम रद्द झाल्यास किती परत, कलाकार आजारी पडल्यास बदली कोण, हे लेखी हवेच. उरलेली रक्कम कोण देणार त्याचे नावही लिहा. रात्री घरची मंडळी मंचावर फोटोत अडकलेली असतात आणि वादक सामान बांधून पाकिटाची वाट बघत उभे असतात.

सभागृहचालकांना एक विनंती. आरक्षणाच्या पावतीसोबत एक पानी तांत्रिक माहिती द्या: मंचाची लांबी-रुंदी, छताची उंची, प्रत्येक सॉकेटची क्षमता, जनरेटर सुरू व्हायला लागणारा वेळ, आवाज बंद करण्याची वेळ आणि सामान आत आणण्याचे दार. मर्यादेपेक्षा आवाज चढला की वीज तोडणारे यंत्र बसवले असेल, तर तेही त्या पानावर ठळक अक्षरांत छापा.

– ध्वनी व मंचव्यवस्थेचे काम करणारे काही जण