डिंक, चीक की राळ, हे आधी ओळखावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर फांद्यांची छाटणी सुरू झाली की सोलापुरात रेल्वे लाइन्सपासून विजापूर रोडपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: झाडाखाली लावलेली गाडी चिकट झाली, वाळत घातलेल्या कपड्यांना डाग पडले, तेव्हा हे झाडच काढून टाकावे. शहरातले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, तसा कायदा १९७५ पासून आहे; पण ज्या डागापायी कुऱ्हाडीची भाषा होते, तो बहुतेक वेळा घरातल्याच वस्तूंनी निघतो, हे फारसे कोणी सांगत नाही. झाडावरून पडणारे सगळे चिकट पदार्थ एकच समजून आपण सरसकट रॉकेलचा बोळा हाती घेतो, आणि तिथेच वस्तू बिघडते.

बाभूळ, कडुनिंब किंवा शेवग्याच्या खोडातून येतो तो डिंक. रॉकेलचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. उलट कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर थोडा वेळ ठेवले की तो फुगून मऊ पडतो आणि पुसून निघतो. आंब्याला मोहर आल्यावर खाली उभ्या गाडीवर जे चिकट तुषार पडतात, तो तर झाडाचा रसही नव्हे. मोहरावरचे तुडतुडे रस शोषून साखरेचे पाणी बाहेर टाकतात, आणि त्यावर पुढे काजळीसारखी बुरशी वाढते. साबणाच्या पाण्याने तो थर सहज धुऊन जातो, मात्र सोलापूरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर तो दिवसेंदिवस राहू देऊ नये, आणि ब्लेडने तर मुळीच खरवडू नये.

वड, पिंपळ, उंबर, चाफा, रुई यांचा पांढरा चीक वेगळा. त्यात रबरासारख्या पदार्थाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून ओला असेपर्यंत तो थंड पाण्याने आणि साबणाने निघतो. वाळल्यावर पाणी निरुपयोगी ठरते आणि खोबरेल तेल चोळून तो आधी सैल करावा लागतो. विळीच्या पात्याला फणस चिरण्यापूर्वी तेल लावण्याची आपल्याकडची पद्धत याच जाणिवेतून आली आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भरपूर पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे, घरगुती उपाय करू नयेत.

राळ ही चीडसारख्या (पाइन) झाडांची. ती झाडे आपल्याकडे नाहीत, पण खोक्यांच्या फळ्यांपासून केलेल्या स्वस्त फर्निचरमधून ती घरात येते आणि उन्हाळ्यात लाकडाच्या गाठींतून पाझरते. ती पाण्यात विरघळत नाही. बर्फाने कडक करून लाकडी पट्टीने अलगद उचलावी आणि उरलेला अंश स्पिरिटने टिपावा. जुन्या कपाटाला लाखेचे पॉलिश असेल तर मात्र स्पिरिट वापरू नये, कारण त्यात लाखही विरघळते.

मला सर्वांत काळजी वाटते ती कापडाची. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर ज्या शहरात विणली जाते, त्याच शहरात तिच्यावरचा चिकाचा डाग ब्लीचने घालवण्याच्या नादात रंग उडवून ठेवलेला पाहणे क्लेशकारक आहे. चादर सुती असते, विणीत डाग खोल जातो, आणि घाईने चोळल्यास तो पसरतो. आधी चिकटलेला भाग बोथट कडेने उचलावा, तेल किंवा स्पिरिट जे लागू असेल ते किनारीच्या कोपऱ्यावर लावून रंग सुटतो का ते पाहावे, मगच डागाला लावून साबणाने धुवावे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नये. पेट्रोल आणि थिनर तर स्वयंपाकघराच्या आसपासही नकोत. त्यांची वाफ पेट घ्यायला शेगडीची ज्योत पुरते.

काही डाग मात्र खरोखर हट्टी असतात, आणि तसे स्पष्ट सांगणेच योग्य. मंडपाला बांधलेल्या केळीच्या खुंटाचा रस गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत भाविक घालतात त्या शुभ्र बाराबंदीवर (बंदांच्या अंगरख्यावर) पडला तर प्रथम दिसतही नाही. हवा लागून तो हळूहळू तपकिरी होतो. कैरीच्या देठाचा चीकही असाच काळवंडतो. आंबा ज्या कुळातला, त्याच कुळातल्या बिब्ब्याचा रस धोबी कपड्यांवर न जाणारी खूण करण्यासाठी वापरत असत, यावरून या रसांची जात कळावी. येथे इलाज एकच: डाग ओला असतानाच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुणे. वाळल्यावर पांढऱ्या सुती कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइडने तो फिका होऊ शकतो, पण पूर्ण जाईलच असे नाही.

छाटणी करणाऱ्या यंत्रणेला दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. आदल्या दिवशी गल्लीत सूचना लावावी, म्हणजे लोक गाड्या हलवतील आणि वाळत घातलेले कपडे आत घेतील. आणि चीक ज्यांच्या अंगावर थेट पडतो, त्या करवत व कोयता चालवणाऱ्या कामगारांना हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि काम संपल्यावर हात धुण्यासाठी तेल व साबण मिळालाच पाहिजे.

आपला,
एक वाचक, सोलापूर