ॲपल कप बंद करू नका, त्याची तारीख बदला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ॲपल कपवरचा, म्हणजे सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ (हस्कीज) आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ (कूगर्स) यांच्यातल्या वार्षिक अमेरिकन फुटबॉल सामन्यावरचा, लेख वाचला आणि राहवलं नाही. लेखकाने ७७-३४-६ (हस्कीजचे ७७ विजय, ३४ पराभव, ६ बरोबरी) हा २०२५ पर्यंतचा हिशेब ठळक चौकटीत छापला, खाली सप्टेंबर २०२५ चा ५९-२४ हा हस्कीजच्या बाजूचा निकाल छापला आणि सांगून मोकळे झाले की हस्कीज आणि कूगर्सचा हा सामना एकतर्फी झालाय, २०२८ ला करार संपला की तो गुंडाळून टाकावा. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण नोव्हेंबरातला हा सामना २०२४ पासून सप्टेंबरात होतो, त्या तारखेबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झालाय.

२०२५ चा सामना २० सप्टेंबरला पुलमनमध्ये झाला. त्याच्या आदल्याच शनिवारी कूगर्स नॉर्थ टेक्सासकडून ५९-१० असे हरले होते. ११ ऑक्टोबरला, म्हणजे ॲपल कपनंतर तीनच आठवड्यांनी, हाच संघ ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) मैदानावर जाऊन २४-२१ असा फक्त तीन गुणांनी हरला. पुढच्या शनिवारी व्हर्जिनियात २२-२० असा हरला. ओल मिस त्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली, हे लेखकांना माहीत असणारच. मग सप्टेंबरात ५९ गुण खाणारा संघ ऑक्टोबरात असा कसा खेळला?

उत्तर खेळ जाणणाऱ्या कोणालाही कळेल. डिसेंबर २०२४ मध्ये कूगर्सचा प्रशिक्षक वेक फॉरेस्टला गेला, क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार, पास टाकणारा) जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला, आक्रमणाचा समन्वयकही तिकडेच गेला. नवा प्रशिक्षक साउथ डकोटा स्टेटहून आला आणि येताना तिथली बरीच मुलं घेऊन आला. असा संघ वसंतातल्या १५ सरावांत आणि ऑगस्टच्या शिबिरात जुळत नाही. सगळ्यात उशिरा जुळते ती आक्रमणाची, क्वार्टरबॅकला राखणारी पाच जणांची लाइन. समोरचे दोन बचावपटू ऐनवेळी आपसांत जागा बदलून आत घुसतात, तेव्हा गार्डने (लाइनमधल्या आतल्या खेळाडूने) आपला माणूस शेजारच्या टॅकलच्या (टोकाच्या खेळाडूच्या) हवाली करायचा आणि स्वतः दुसरा उचलायचा असतो. ही देवाणघेवाण अर्ध्या सेकंदात व्हावी लागते, आणि ती ओरडून नाही तर सवयीने होते. सवय नसली की दोघंही एकाच माणसाला अडवतात, दुसरा थेट क्वार्टरबॅकवर जातो. बचावाच्या मागच्या फळीचंही तसंच. कडेच्या कॉर्नरबॅकला वाटतं खोलवरचा पास सगळ्यात मागचा सेफ्टी बघेल, सेफ्टीला वाटतं कॉर्नरबॅक बघेल, आणि पास झेलणारा रिसीव्हर मोकळा धावत सुटतो. मोसमाच्या चौथ्या सामन्यात या चुका घाऊक होतात, आठव्या-नवव्यापर्यंत बऱ्याच कमी होतात. हल्ली दरवर्षी निम्मा संघ बदलतो आणि गरीब विद्यापीठाचा जास्त बदलतो. म्हणून सप्टेंबरची तारीख दोन्ही संघांना सारखी पडत नाही. ती कूगर्सना महागात पडते.

जुळलेला संघ मिळाला तर काय होतं, ते १४ सप्टेंबर २०२४ ला सिएटलच्या लुमेन फील्डवर सगळ्यांनी पाहिलं. मटीर तेव्हा कूगर्सकडेच होता आणि खेळायची पद्धत आधीच्या वर्षापासूनची होती. कूगर्स २४-१९ ने पुढे, जेमतेम मिनिटभर उरलेलं, हस्कीज गोलरेषेपासून एक यार्डावर, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी. हस्कीजनी स्पीड ऑप्शन खेळला, आणि तोही मैदानाच्या तोकड्या बाजूला. मैदान १६० फूट रुंद असतं आणि कॉलेजच्या खेळात हॅश मार्क, म्हणजे चेंडू ठेवायची आतली खूण, कडेपासून ६० फुटांवर असतो. चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट मोकळे मिळतात आणि दुसऱ्या बाजूला १००. ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅक आडवा धावतो आणि शेवटच्या बचावपटूला कोड्यात टाकतो: तो अंगावर आला तर चेंडू बाजूच्या रनिंगबॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) टाकायचा, नाही आला तर स्वतः घुसायचं. हस्कीजचा विल रॉजर्स हा जागेवर उभं राहून पास टाकणारा क्वार्टरबॅक. तो स्वतः घुसेल ही भीतीच नव्हती, त्यामुळे कूगर्सना कोडं पडलंच नाही. चेंडू रनिंगबॅक जोना कोलमनकडे गेला तेव्हा त्याच्यापुढे कूगर्स होते आणि शेजारी कडेची रेघ होती. तो एन्ड झोनच्या (जिथे पोचल्यावर गुण मिळतात त्या पट्ट्याच्या) अलीकडेच पडला. अर्धं स्टेडियम लाल आणि अर्धं जांभळं होतं, त्यातलं लाल अर्धं ज्या आवाजात उसळलं, तो आवाज एकतर्फी सामन्यात निघत नाही.

लेखकांनी हा सामना ‘एखादा अपवाद’ म्हणून अर्ध्या वाक्यात उडवला, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. अपवाद कसला? १९८२ ला हस्कीजच्या चक नेल्सनने आधीच्या मोसमापासूनचे सलग ३० फील्ड गोल (लाथेने मारायचे गोल) साधल्यानंतर पुलमनमध्ये एक हुकवला, कूगर्स २४-२० ने जिंकले आणि हस्कीजचा रोझ बोल (मोसमाअखेरचा मानाचा सामना) गेला. १९९२ ला गतवर्षीचे राष्ट्रीय सहविजेते हस्कीज पुलमनच्या बर्फात ४२-२३ ने हरले. कूगर्सच्या ड्रू ब्लेडसोचा पास पकडून फिलिप बोबो एन्ड झोनमागच्या बर्फाच्या ढिगात सरकत गेला, ते दृश्य या राज्यात अजून दाखवतात. बर्फात बचावपटूची जास्त पंचाईत होते, कारण रिसीव्हरला कुठे वळायचंय ते आधीच ठाऊक असतं. बचावपटू बघून वळतो, आणि वळताना घसरतो. २०२१ ला कूगर्स सिएटलला जाऊन ४०-१३ ने जिंकले.

आता तारखेचं. १९८२ आणि १९९२, दोन्ही सामने थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुट्टीच्या) आधीच्या शनिवारी झाले होते. नंतर सामना थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात गेला. तेव्हा सुट्टीमुळे पुलमन रिकामं व्हायचं, हे मान्य. पण सप्टेंबरात उलट बाजूने तेच होतं. पुलमनमध्ये सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण सिएटलच्या विद्यापीठात क्वार्टर पद्धत आहे. तिथे २०२४ चं शिक्षण २५ सप्टेंबरला सुरू झालं आणि २०२५ चं २४ सप्टेंबरला. म्हणजे दोन्ही वर्षी राज्यातला सगळ्यात मोठा सामना झाला तेव्हा एका विद्यापीठाचे वर्गच उघडले नव्हते. पहिल्या वर्षाच्या मुलाला ज्या सामन्यामुळे आपण हस्की झालो असं वाटायचं, तो सामना त्याची वही उघडायच्या आधीच संपलेला असतो. कॉलेजच्या स्पर्धेतून विद्यार्थीच वगळले, तर आपण नेमकं काय वाचवतोय?

थँक्सगिव्हिंगआधीचा शनिवार परत घेता येतो. बिग टेनमध्ये, म्हणजे हस्कीज ज्या परिषदेत (विद्यापीठांच्या साखळी गटात) आहेत तिथे, त्यांना नऊ साखळी सामने आणि तीन बाहेरचे खेळावे लागतात. शेवटच्या आठवड्यात ओरेगन असतं, ते तिथेच राहू द्या. बाहेरच्या तीनपैकी एक सामना उपांत्य आठवड्यात टाकायचा आणि तिथला साखळी सामना सप्टेंबरात आणायचा, एवढाच बदल आहे. बिग टेनला सप्टेंबरात साखळी सामने वर्ज्य नाहीत. २०२५ ला ॲपल कपनंतर आठवड्यातच, २७ सप्टेंबरला, ओहायो स्टेट सिएटलमध्ये खेळून गेली. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या शनिवारी बाहेरचा सामना खेळणं एसईसी या दुसऱ्या परिषदेतल्या संघांना नेहमीचं आहे. जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक तर वेगवेगळ्या परिषदांत राहून मोसमाच्या अखेरीला भेटतात. २०१७ पासून जॉर्जिया त्यात एकदाही हरलेली नाही, तरी सामना बंद करा असं तिथे कोणी म्हणत नाही, आणि २०२४ ला त्याच एकतर्फी मालिकेत आठ ओव्हरटाइम होऊन ४४-४२ असा निकाल लागला.

नोव्हेंबरात प्रवास कठीण होईल, हा आक्षेप खरा आहे. सिएटल ते पुलमन सुमारे ४६० किलोमीटर. स्नोक्वाल्मी खिंडीत बर्फ असतो. व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडली की पुढे हायवे २६, ऑथेलो-वॉशटक्नामार्गे कोलफॅक्सपर्यंत बहुतेक दोनपदरी. गाडीत टायरच्या चेन ठेवाव्या लागतात, पेट्रोल ऑथेलोला भरून घ्यावं लागतं आणि रात्रीचा सामना असेल तर त्याच रात्री परत निघू नये. पुलमनमध्ये खोल्या कमी, म्हणून मुक्काम स्पोकेनला करावा, १२० किलोमीटर आहे. लोक वर्षानुवर्षं हे करत आले आहेत.

पैशाची दरी मी नाकारत नाही. अर्धा वाटा घेऊनही हस्कीजना बिग टेनकडून वर्षाला तीन कोटी डॉलरच्या आसपास मिळतात आणि कूगर्सना त्याच्या जवळपासही नाही. पण दरीसाठी सामने बंद करायचे असतील, तर २०२५ ला हस्कीजनी यूसी डेव्हिसला ७०-१० ने हरवलं, तो आधी बंद करा. साठ गुणांचा फरक होता आणि त्यावर लेख आलेला मला दिसला नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचा बेडलम हा सामना २०२३ नंतर थांबला. ओरेगन आणि ओरेगन स्टेटचा सामना २०२६ च्या वेळापत्रकात नाही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ ला थांबले आणि २०२४ ला परत भेटले, तोवर मुलांची एक अख्खी पिढी कॉलेजातून हा सामना न पाहता बाहेर पडली.

आणखी एक तक्रार आहे, ती याच लेखाची. मूळ नावांचं भाषांतर करताना ‘वॉशिंग्टन विद्यापीठ’ आणि ‘वॉशिंग्टन राज्य विद्यापीठ’ असं लिहिलंय, आणि दुसऱ्या परिच्छेदानंतर दोघांनाही नुसतं ‘वॉशिंग्टन’. त्यामुळे २०२४ चा विजय हस्कीजच्या नावावर गेलाय. इथे रेडमंड-बेल्व्ह्यूच्या मराठी घरांत दोन्हीकडे शिकणारी मुलं आहेत, त्यांच्या आजी-आजोबांनी पुण्या-नाशिकला तुमचा अंक वाचून चुकीच्या नातवाचं अभिनंदन केलं असेल. सरळ हस्कीज आणि कूगर्स लिहा, आणि २०२४ ची दुरुस्ती उद्याच्या अंकात छापा.

आपला,
एक वाचक, रेडमंड (वॉशिंग्टन राज्य)